तो जवळ येत नाही, तरी घरी आणावा का?

या सदरात निवृत्त पशुवैद्य वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात.

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही अनगोळला राहतो. घरात यजमान, सासूबाई, नववीतला मुलगा आणि मी. गावाबाहेरच्या एका श्वान निवाऱ्यात चार वर्षांचा मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा आहे. कुणीतरी हायवेला सोडून दिलेला. मुलाला तो फार आवडलाय, पण कुत्रा आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मुलगा डोक्यावरून हात फिरवायला गेला, तर मान खाली घालून कोपऱ्यात जाऊन बसला. सासूबाई म्हणतात, ज्याला आपण नको आहोत त्याला आणून काय करायचं? यजमान म्हणतात, त्यापेक्षा पिल्लूच आणूया. काय करावं?
– एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना उत्तर देतो, कारण दिवसभर घरात कुत्र्याबरोबर त्याच असणार. त्याला तुम्ही नको आहात असं नाही. तुम्ही कोण हेच त्याला अजून कळलेलं नाही, आणि अनोळखी हात अंगावर आलेला मुधोळला खपत नाही. लॅब्रॅडॉर पहिल्याच भेटीत पाहुण्याच्या मांडीवर चढेल. ह्याच्याकडून तसलं काही धरू नका.

गोकाकच्या पुढचा घटप्रभेकाठचा मुलूख तुम्ही बघितला असेल. उघडं माळरान, मध्ये अडोसा कुठं नाही. तिथं नजरेनं सावज हेरून पळणारा हा कुत्रा. मालक मागं राहायचा. वळायचं कुठं, झेप कधी घ्यायची, हे कुत्र्यानं स्वतःच ठरवायचं. दर पावलाला मागं बघून विचारणारा कुत्रा त्या कामाचा नव्हता, म्हणून तसा कुणी राखलाच नाही. त्यामुळे हा हुकूम ऐकतो, पण आधी विचार करतो. त्याला लोक हट्टी म्हणतात. मी नाही म्हणत.

बाकी मान त्याला भरपूर मिळालाय. मुधोळच्या घोरपडे राजांनी एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, २००५ साली टपाल तिकीट निघालं, मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी पैदास केंद्र आहे, तिथली पिल्लं मेरठला लष्कराकडंही गेली. २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर नाव घेतलं. असं नाव झालं की हौशे येतात, आणि हौस फिटली की कुत्रं हायवेला सोडतात. टिळकवाडीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बांधलेला मुधोळ बघितला की माझं डोकं फिरतं.

नोकरीत असताना गोकाक तालुक्यात एक धनगर आपला कुत्रा घेऊन आला होता. काटेरी तारेत मांडी उभी फाटलेली. ह्यांची कातडी पातळ, खाली चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे जखम नेहमी दिसायला भयंकर असते. मी जवळ गेलो की कुत्रा थरथरायचा. ना गुरगुरणं, ना ओरडणं. शेवटी धनगरानं खाली बसून त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "आता करा की." टाके पूर्ण होईपर्यंत कुत्रा हलला नाही. तेव्हा तुमच्या कुत्र्याची परीक्षा तुमच्याशी कसा वागतो यावर करू नका. तो आत्ता ज्याला ओळखतो, त्या निवाऱ्यातल्या माणसाशी कसा वागतो ते बघा. त्याच्या मागून जातो, त्याच्या हातचं खातो, त्याला पाय तपासू देतो, तर कुत्र्यात खोट नाही. ओळखीच्या माणसापासूनही पळत असेल, खात नसेल, कोपरा सोडतच नसेल, तर गोष्ट वेगळी; अशाला पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांनी नेऊ नये.

पुढच्या खेपेला मुलाला सांगा, हात पुढं करायचा नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. पाठ अर्धी वळवून जमिनीवर बसायचं, हवं तर अभ्यासाचं पुस्तक घेऊन. वास घ्यायला तो स्वतः येईल. त्या दिवशी नाही आला तरी चालेल.

निवाऱ्यातल्या माणसाला त्याला रस्त्यावर फिरवून आणायला सांगा. मोटारसायकल, मांजर, कोंबडी दिसल्यावर काय करतो ते मागून चालत बघा. रेबीजच्या लसीचा दाखला, नसबंदी झाली का, आणि गोचीड तापासाठी रक्त तपासलंय का, हे विचारा. हायवेला भटकलेल्या कुत्र्याच्या अंगात गोचीड ताप दबा धरून असू शकतो, वरून काही दिसत नाही. त्याला तिथं कन्नडमध्ये 'बा', म्हणजे 'ये', म्हणून बोलावत असतील तर तुम्हीही 'बा'च म्हणा. घर बदललंय तेवढं पुरे, शब्द कशाला बदलायचे.

आता तुमच्या घराबद्दल, कारण खरी अडचण कुत्र्यात नसून कंपाउंडात असते. चार फुटी भिंत हा पळत न येताही ओलांडेल. सहा फूट हवी, आणि गेटाखालची फट बुजवा. ह्याची मान डोक्याएवढीच जाड असते, साधा बेल्ट मागं सरकला की निसटतो. ओढल्यावर आवळणारा रुंद बेल्ट घ्या, शिवाय छातीचा पट्टा, आणि पहिले काही महिने दोन्हीला दोरी. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी गर्दी नसते म्हणून सोडायचा मोह होईल. सोडू नका. लांब कुठं खार हलली की त्याचे कान बंद होतात, मग तुम्ही कितीही हाका मारा. आणि कुणी शेजारी म्हणालाच, "खानापूरकडं नेऊया, ससा दाखवूया", तर त्याला सांगा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

गणपती-दिवाळीच्या तोंडावर आणू नका. आपल्याकडचं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, ढोल-ताशे, फटाके सगळं. नवीन जागेत घाबरलेला मुधोळ पळाला तर तो दिसेनासा व्हायला वेळ लागत नाही. दिवाळी होऊ दे, मग आणा.

आणल्यावर हॉलच्या एका कोपऱ्यात जाड वाकळ घालून द्या. शहाबादी फरशीवर झोपवलं तर कोपरांना घट्टे पडतात, आणि आपल्या पावसाळ्यात त्याला थंडीही वाजते. तो कोपरा त्याचा. तिथं जाऊन कुणी लाड करायचे नाहीत. शेजाऱ्यांना बघायला बोलावू नका. आवाज चढवून बोलू नका, काठी तर नकोच. एकदा वसकन ओरडलात की हा दिवसेंदिवस मिटून बसतो. घरातल्या भांडणाचा आवाजही त्याला लागतो, तेवढं यजमानांच्या कानावर घाला. कुत्रं रुळण्याचा एक ठोकताळा सांगतात : तीन दिवस भांबावलेला, तीन आठवड्यांत दिनक्रम कळलेला, तीन महिन्यांत घरचा झालेला. मुधोळला मी त्याहून जास्त धरतो. माझा अंदाज, तो पहिल्यांदा जाऊन बसेल सासूबाईंच्या पायाशी, कारण त्या त्याच्या मागं लागणार नाहीत. देवघरात यायचं नाही, हे त्यांनीच शिकवावं.

निवाऱ्यात जे खातो तेच आठवडाभर द्या, मग हळूहळू बदला. ज्वारीची भाकरी, अंडी, उकडलेलं चिकन चालतं. कांदा, मनुका, बेदाणे अजिबात नको. दिवसातून दोनदा थोडं थोडं. खाल्ल्यावर तासभर पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्यात पोट फुगून पिळा पडतो आणि त्यात जीव जातो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणारच. गल्लीतले "उपाशी ठेवता काय?" म्हणतील, म्हणू दे.

एक गोष्ट लिहून ठेवा. कधी ऑपरेशन करायची वेळ आली, तर भूल देण्याआधी डॉक्टरांना हा मुधोळ असल्याची आठवण करून द्या. थायोपेंटोनसारखी भूल अशा सडपातळ शिकारी जातींत लवकर उतरत नाही. त्याला दुसरी औषधं आहेत.

पिल्लाचं म्हणाल, तर पिल्लू वर्ष-दीड वर्षात हाच कुत्रा होणार, खांद्याला सत्तर सेंटिमीटर आणि स्वभावानं असाच; मधल्या काळात चपला खाणार ते वेगळं. चार वर्षांचा कसा आहे ते आत्ता बघता येतं. भिंत वाढवायची तयारी असेल तर माझं मत, हाच आणा. नसेल तर दोन्ही नको. आणि सही करण्याआधी, जमलं नाही तर परत घेणार का, हे लिहून घ्या.

प्रश्न : शेतातल्या घराच्या राखणीला मुधोळ ठेवावा काय?
– एक शेतकरी, निपाणी

उत्तर : राखणीसाठी म्हणून नको. अनोळखी माणूस आला की हा बहुधा लांब उभा राहून बघेल. तंबाखूच्या कोठाराला आपलं गावठी कुत्रंच बरं, लस टोचून घ्या म्हणजे झालं.

प्रश्न : निवाऱ्यातून मुधोळ आणतोय. परड्यात कोंबड्या आहेत, हळूहळू सवय होईल ना?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. जाळी मारा, नाहीतर कोंबड्या भावाकडं द्या.