एअरबॅगचा दिवा विझतोय, एवढ्यावर विसंबू नका

धडकेत समोरच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या, गॅरेजने गाडी दुरुस्त करून दिली, आता डॅशबोर्डवर दिवा येत नाही. तर सगळं ठीक समजायचं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर : नाही, अजून नाही.

आधी दिवाच तपासा. इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन करा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझायला हवा. लागलाच नाही तर तो बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे. इंजिन सुरू झाल्यावरच, ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर विझत असेल, तर त्याची वायर तिकडे जोडल्याचा संशय घ्या.

दिवा अगदी नियमाप्रमाणे वागला तरी मी समाधान मानणार नाही. एअरबॅग चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला बॅग दिसत नाही, त्याला फक्त सर्किटचा विद्युत रोध कळतो. बॅगेच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर (तेवढाच रोध देणारा छोटा सुटा भाग) लावला की युनिट फसतं, दिवा विझतो आणि गाडीतले दोष वाचणारा स्कॅनरही स्वच्छ रिपोर्ट देतो. माणसाच्या जिवाशी चालवलेला हा खेळ आहे, आणि तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पकडता येत नाही. म्हणून प्रशिक्षित टेक्निशियनकडून एअरबॅगवरचं पॅड (झाकण) उघडवून आतला मॉड्यूल, म्हणजे प्रत्यक्ष बॅगेचा संच, आणि त्यावरचं लेबल बघून घ्या, पार्ट नंबर बिलाशी जुळवा. स्वतः उघडू नका. बॅटरी काढल्यावरही युनिटच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरतो, आणि मल्टिमीटर लावला तर त्याच्या करंटनेही बॅग उडू शकते.

स्कॅन करायचंच, पण एअरबॅग युनिट वाचणाऱ्या स्कॅनरने. फक्त इंजिनचे कोड दाखवणारा इथे निरुपयोगी.

बिलात सीटबेल्ट आहेत का तेही बघा. प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत बेल्ट झटक्यात घट्ट ओढणारा भाग, एकदा उडाला की संपला, तो बदलावाच लागतो आणि नेमका तोच राहून जातो. कंट्रोल युनिटमधली धडकेची नोंद आपोआप पुसली जात नाही; ते रिसेट केलंय की नवीन बसवलंय हे विचारा आणि उत्पादकाच्या मॅन्युअलशी ताडून बघा. धडक ओळखणारे पुढचे सेन्सर सरळ ब्रॅकेटवर, योग्य दिशेने हवेत. विंडशील्ड बदललीय का? बऱ्याच गाड्यांत पॅसेंजरची बॅग काचेचा आधार घेऊन फुगते, त्यामुळे चिकटवण कच्ची असेल तर काचच निखळते. डॅशबोर्डवर पुटी किंवा रंगाचा थर, म्हणजे बॅग उघडताना फाटलेली जागा बुजवल्याची खूण दिसली, तर थेट कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा.

हे सगळं होईपर्यंत पुढच्या सीटवर कोणाला बसवू नका. बाकीच्यांनी मागे, बेल्ट लावून बसावं.