मायग्रेन असलेल्या १३ वर्षांच्या मुलीला मॅग्नेशियम किंवा बी-२ जीवनसत्त्वाच्या (रायबोफ्लेविन) गोळ्या द्याव्यात का?

देता येतात, पण डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्यावरच, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील हे धरून. मी ठाण्यात, नौपाड्यात फार्मासिस्ट आहे. काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो. बी-२ चा रोज ४०० मिलिग्रॅम हा डोस मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांतून आलाय. मुलांवरच्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत, म्हणून तो परस्पर देऊ नका. (लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका.) मॅग्नेशियमने जुलाब होऊ शकतात, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ऑनलाइन मिळणारं बटरबर (मायग्रेनसाठी विकला जाणारा एका वनस्पतीचा अर्क) मात्र अजिबात नको, त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

एक लक्षात ठेवा: २०१७ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत औषध नसलेली गोळी घेणाऱ्या सुमारे ६१ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा जास्त कमी झाले होते. म्हणजे फरक गोळीमुळेच पडला असं लगेच धरता येत नाही, त्यामुळे गोळीच्या जोडीला झोप, पाणी आणि सकाळच्या शाळेआधीचा नाश्ता वहीत लिहीत जा. डोकं अचानक प्रचंड दुखलं, ताप आला, मान आखडली किंवा हात-पाय लुळे वाटले तर तडक हॉस्पिटलला न्या.