पद्मिनी चालता चालता अचानक बंद पडते, इंजिन खोलायचं का?

इंजिन अजिबात खोलू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही लिहिलंय की 1984 ची प्रीमियर पद्मिनी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर झाले की बंद पडते, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते, आणि मेकॅनिक इंजिन खोलायचं म्हणतोय. अहो, टेम्परेचरचा काटा वर जात नसेल तर इंजिनचं दुखणं नुसतं सावलीत उभं राहून बरं होतं का कधी?

आधी हे सांगा, बंद पडते कशी? बटण दाबल्यासारखी खटकन, की आधी दोन-चार धक्के देत, ओढ कमी होत होत? खटकन म्हणजे बहुतेक करंट गेला, धक्के देत म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये. शंभर टक्के नियम नाही हा, पण सुरुवात इथून करायची.

आमच्या अण्णांची 1986 ची होती, ती दर वेळी खंबाटकी घाट चढून गेलं की खटकन बंद. कॉइल (ठिणगीसाठी बॅटरीचा करंट जोरदार करणारी) बदलली, कार्ब्युरेटरचं किट टाकलं, टाकी धुतली, आणि दर वेळी गॅरेजमध्ये गाडी एकदम शहाण्यासारखी चालायची कारण तिथे जाईपर्यंत ती गार झालेली असायची ना. शेवटी एकदा घाटातच, बंद पडल्या पडल्या, एका ट्रकवाल्या काकांनी डेल्कोच्या (म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा) झाकणातली मधली जाड वायर काढली, सुक्या फडक्यात धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवलं आणि अण्णांना सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी पिवळट, मरतुकडी, दोनदा आली आणि गायब. निळी आणि टचटच वाजणारी पाहिजे. डेल्कोच्या आतले पॉईंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे) उघडून बघितले तर जळून काळे-निळे, म्हणजे त्यांना जळू न देणारा कंडेन्सर गेलेला. गरम झाला की आतून सुटायचा, गार झाला की परत जागेवर. एका स्क्रूवर बसणारी, करंगळीएवढी डबी, आणि तिच्यापायी आम्ही दोन वर्षं घालवली.

म्हणून तुम्ही पण जिथे बंद पडेल तिथेच बघा, गार व्हायच्या आत. (फडक्याऐवजी रबरी मुठीची पक्कड घ्या, काकांसारखा शहाणपणा नको, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी काढूच नका.) ठिणगी नसेल तर बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट कॉइलच्या प्लसला लावून बघा, त्याने चालू झाली तर कॉइल-कंडेन्सर ठीक, चावीचा स्विच किंवा तिथली वायर गेलीय. चालू झाली तर नंतर ती वायर काढल्याशिवाय गाडी चावीने बंद होणार नाही, घाबरू नका. डेल्कोच्या आतली पॉईंटची छोटी वायर पण बोटाने ओढून बघा, वरून चांगली दिसते पण हलून हलून आतलं तांबं तुटलेलं असतं.

ठिणगी दणदणीत असेल तर मग पेट्रोल. टाकीचं झाकण उघडा, हुस्स करून हवा आत ओढली आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं भोक बुजलंय. नाहीतर एसी पंपावर (इंजिनवरचा पेट्रोल पंप) ओलं फडकं टाका, पाच मिनिटांत चालू झाली तर पेट्रोलची वाफ होऊन लाईन अडत होती, उन्हाळ्यात घाटात हे होतंच. पंपाचा पडदा आणि रबरी पाईप जुने असतील तर बदलूनच टाका, इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला खातं.

एकच वेळ अशी की सेल्फ मारायचा नाही. इंजिन फिरतच नसेल, किंवा नेहमीपेक्षा एकदम हलकं, भर्रकन फिरत असेल तर थांबा, इंजिन जाम झालेलं किंवा टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) गेलेली असू शकते. तुमचं तसं वाटत नाही.

पार्ट पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला विचारा, गाडी बनायचीच कुर्ल्याला. कंडेन्सर दोन घ्या, एक डिकीत ठेवा. आणि सगळ्यात आधी ते टाकीचं झाकण बघा, फुकटात आहे.