होजिअरी कापडाचा टॉप घरच्या मशीनवर शिवताना गळा लाटांसारखा का पसरतो?

होजिअरी कापड दोऱ्याच्या फासांनी विणलेले असल्यामुळे मुळातच ताणले जाते आणि मशीनच्या दाबाखाली आणखी ओढले जाते, म्हणून गळा पसरतो. खरा उपाय गळपट्टीत, म्हणजे गळ्याच्या कडेला जोडायच्या पट्टीत आहे. गळ्याचा घेर ६० सेंटिमीटर असेल, तर पट्टी त्याच्या सुमारे ८५ टक्के, म्हणजे शिवणीची जागा सोडून ५१ सेंटिमीटर घ्यावी, तिची लांबी कापड जास्त ताणले जाते त्या दिशेने ठेवावी आणि जोडताना फक्त पट्टी ताणावी, टॉप कधीही नाही. सुई गोल टोकाचीच असावी. टोकदार सुईने फासा तुटतो आणि त्या बारीक छिद्रापासून कापड उसवत जाते, हे पाहून फार हळहळ वाटते. टाका अरुंद झिगझॅग घालावा.