टेक्सासमध्ये २०२१ च्या थंडीत एवढी माणसं कशी दगावली?

तुम्ही विचारलंय की कॅनडात उणे तीसमध्येही लोक राहतात, मग टेक्सासात जरासा बर्फ पडून एवढा हाहाकार कसा झाला? शिवाय तुमची मुलगी ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला शिकायला येतेय. मी ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, ते दिवस इथेच काढलेत.

बर्फ फार नव्हताच. माणसं गेली ती मुख्यतः लाइट गेल्यामुळे.

इथल्या बऱ्याचशा घरांचं हीटिंग विजेवर चालतं. १५ फेब्रुवारीच्या पहाटे अख्खं राज्य एकदम गारठलं, विजेची मागणी भडकली आणि त्याच वेळी वीजकेंद्रं एकेक करून बंद पडायला लागली. राजकारण्यांनी खापर पवनचक्क्यांवर फोडलं. त्याही गोठल्या होत्या, पण सगळ्यात मोठी तूट गॅसवरच्या केंद्रांची होती. गॅसविहिरींची तोंडंच गोठली. वर कहर म्हणजे गॅस पुढे ढकलणारे काही कॉम्प्रेसर विजेवर चालतात आणि 'आमची लाइन कापू नका' हा साधा फॉर्म अनेक कंपन्यांनी भरलेलाच नव्हता. वीज वाचवायला त्यांचीच वीज कापली, की गॅस कमी, की वीज आणखी कमी!

शेजारच्या राज्यांतून वीज का आणली नाही? टेक्सासची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, वेगळी आहे. केंद्र सरकारचे नियम नकोत म्हणून मुद्दाम वेगळी ठेवलेली, त्यामुळे बाहेरून येणारी वीज अगदी थोडी. याच राज्यातलं एल पासो पश्चिमेकडच्या ग्रिडवर आहे, तिथे फारसं काही झालं नाही.

आपल्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक असतं, इथेही आलटून पालटून लाइट घालवायचा बेत होता. पण कपात इतकी मोठी होती की हॉस्पिटलं वगैरेंच्या लाइनी सोडल्यावर फिरवायला काही उरलंच नाही. ज्यांची गेली त्यांची गेलीच. आमची सोमवारी पहाटे गेली ती बुधवारी आली. गॅसची शेगडी काडीने पेटवता येत होती, म्हणून चहा आणि मुगाची खिचडी तरी होत होती. पुरवठा मागणीला पुरेनासा झाला की ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरते, ती ६० हर्ट्झवरून ५९.३ पर्यंत आली होती. आणखी साडेचार-पाच मिनिटं तशीच राहिली असती तर उरलेली केंद्रंही आपोआप बंद पडली असती आणि जवळजवळ पूर्ण राज्याचा अंधार कदाचित कित्येक आठवडे हटला नसता.

आता घरं. इथे तळघर नसतं, पाण्याचे पाइप बऱ्याच घरांत छपराखालच्या माळ्यावरून जातात आणि माळा उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेला. पाइप गोठून फुटतो तेव्हा काहीच कळत नाही, बर्फ वितळला की कळतं. आमच्या शेजाऱ्यांच्या हॉलचं छत आधी फुगलं, मग माळ्यात ऊन-थंडी अडवायला भरलेल्या ओल्या गुलाबी फायबरग्लाससकट थेट सोफ्यावर आलं.

सरकारी आकडा २४६ मृत्यूंचा आहे. निम्म्याहून जास्त लोक थंडीनेच गेले. पण ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसलेले, घरात कोळशाची शेगडी पेटवलेले लोक कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूने गेले, ते मला जास्त लागतं. होलसेल भावाची, म्हणजे बाजारभावाप्रमाणे दर बदलणारी स्कीम घेतलेल्यांना युनिटमागे ९ डॉलरपर्यंत दर लागला, तो ताप वेगळाच.

हे अचानक घडलं असंही नाही. २०११ च्या फेब्रुवारीत असंच झालं होतं, यंत्रणा थंडीला तोंड देईल अशी करा असं चौकशी अहवालात लिहिलंही होतं. सक्ती नव्हती, म्हणून बहुतेकांनी केलं नाही. सक्तीचा कायदा २०२१ च्या जूनमध्ये झाला. वीजकेंद्रांचं काम खरंच सुधारलंय. गॅसवाल्यांवर माझा अजून तितका भरवसा नाही.

मुलीला इथल्या हवामानाची भीती घालू नका. जाड रजई, पॉवर बँक, चार दिवसांचं पिण्याचं पाणी आणि कोरडं खाणं जानेवारी-फेब्रुवारीत घरात असू दे. पाणी गोठण्याइतकी थंडी पडणार असा अंदाज आला की नळ बारीक धारेने चालू ठेवायचे, बादल्या भरून ठेवायच्या. अपार्टमेंट घेताना पाण्याचा मेन कॉक कुठे आहे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे दोन प्रश्न तिने सही करण्याआधी विचारावेत. अलार्म नसेल तर स्वतः विकत घ्यावा, महाग नसतो.