डबल केबिन पिकअपच्या मागच्या सीटवर दोन वर्षांच्या मुलाला कसं बसवावं? आजीच्या मांडीवर बसवलं तर चालेल का?

नाही, मांडीवर चालणार नाही. आजीच्या नाही, आईच्याही नाही, आणि गाडी हळू चालवली तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी डबल केबिन पिकअप आहे, मुलगा दोन वर्षांचा आहे आणि घरची मोठी माणसं म्हणतात, मागे आजी बसणारच आहे तर वेगळी खुर्ची कशाला. हेच वाक्य मी आमच्या घरात कितीतरी वर्षं ऐकतेय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. द्राक्षबाग आहे. मागे हौद्यात क्रेट आणि औषधाचे ड्रम, पुढे केबिनमध्ये घरची माणसं, अशी एकच गाडी परवडते. मी हायस्कूलवर विज्ञान शिकवते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची गोष्ट मला जास्त लागते ती त्यामुळेच.

2018 चा फेब्रुवारी. सांगलीतलं लग्न आटपून रात्री साडेनऊला परत निघालो. गाडी हे चालवत होते, शेजारी मामा, म्हणजे माझे सासरे. मागे खिडकीशी मी, मध्ये आत्या (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) आणि आत्यांच्या मांडीवर लेक, अडीच वर्षांची, बारा किलोची, झोपलेली. पलीकडच्या खिडकीशी आहेराच्या पिशव्या. बेल्ट फक्त ह्यांनी लावला होता. माझ्या बाजूचं बक्कल सीटच्या फटीत गेलं होतं आणि ते वर काढायचं मला गाडी घेतल्यापासून सुचलं नव्हतं.

माधवनगर, बुधगाव मागे पडलं, कवलापूर ओलांडलं. ऊसतोडीचे दिवस होते. आपल्याकडच्या माणसाला त्या ट्रॉल्यांचं वर्णन करायला नको: मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. तशी एक जोडट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती, चाकाला दगड लावून. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यावर होता. तो सरला आणि ट्रॉली दिसली. ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे ओढली. वेग पन्नासच्या आसपास होता, ट्रॉलीशी पोचेपर्यंत निम्म्याच्याही खाली आला असेल. डावा कोपरा ट्रॉलीच्या अँगलला लागला. हेडलाइट फुटला, मडगार्ड चेपलं. गाडीचं नुकसान एवढंच.

लेक आत्यांच्या हातात नव्हती. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या जागेतून जाऊन ती गिअरच्या दांड्यावर आपटली होती आणि मामांच्या पायाशी पडली होती. आधी ती रडलीच नाही. मग रडली, आणि ते रडणं ऐकून मला हायसं वाटलं. आत्या पुढच्या सीटवर आदळल्या होत्या, त्यांचा ओठ फुटला होता. दोन्ही हात मात्र अजून पोरीला धरल्यासारखे छातीशी गोल होते.

मिरजेला नेलं. कपाळाला सात टाके आणि हासळीचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाच्या मांडीवर होती?" कशात बसवली होती, असं त्यांनी विचारलंच नाही.

घरी आल्यावर प्रत्येकाला एकेक कारण सापडलं. मामांनी ट्रॅक्टरवाल्याला धरलं. चुलत सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. आत्या म्हणाल्या, ब्रेक एवढा कचकन मारायचं कारण नव्हतं. मी म्हणाले, मांडीवर नसती तर तिला लागलं नसतं. आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हंजे मी सोडलं व्हय पोरीला?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ते इथे देते. आत्यांनी सोडलं नाही, कुणीच सोडलं नसतं. तिथे माया किती आहे याचा प्रश्नच येत नाही, हाताला ते वजन पेलत नाही. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. गाडी कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर बारा किलोचं पोर पुढे ओढलं जातं ते सुमारे 170 किलोच्या जोराने. सिमेंटची साडेतीन पोती झाली. ती कुणी मांडीवर धरून दाखवावीत. तोच वेग दुसऱ्या तऱ्हेने सांगायचा तर दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडताना जमिनीशी जेवढा असतो तेवढा. बाल्कनीच्या बाहेर पोराला हातावर धरून कुणी उभं राहत नाही. आणि मांडीवर घेणाऱ्याने स्वतः बेल्ट लावला नसेल तर आणखी वाईट, कारण मग त्याचं साठ-सत्तर किलोचं अंग मागून पोरावर येतं. दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तरी पोर मोठ्या माणसाच्या आणि बेल्टच्या मध्ये चेपतं.

नववीच्या विज्ञानात गतीचे नियम मीच शिकवते. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं, पुठ्ठ्याला टिचकी: पुठ्ठा उडतो, नाणं होतं तिथेच राहून पेल्यात पडतं. तसंच गाडी थांबते आणि पोर होतं त्याच वेगाने पुढे जातं. दरवर्षी करून दाखवते. त्या रात्री मी शेजारीच बसले होते आणि आत्यांना कसं सांगायचं म्हणून गप्प राहिले. मुलगी सासूच्या मांडीवरून काढून घेणं म्हणजे त्यांचा अपमान, असं मला वाटायचं. ताई असाल, दादा असाल, तुम्ही या भिडेपायी गप्प राहू नका.

आता चाइल्ड सीटबद्दल, म्हणजे पोराला पट्टे लावून बसवायच्या त्या वेगळ्या खुर्चीबद्दल.

मी पुण्याहून नऊ हजारांची सीट आणली. दुकानदार म्हणाला, कुठल्याही गाडीत बसते. आमच्या पिकअपमध्ये ती बसली नाही. सीटला खाली आयसोफिक्सचे, म्हणजे बेल्टऐवजी थेट गाडीतल्या कड्यांना अडकणारे, दोन दांडे होते आणि आमच्या गाडीला ते अडकवायच्या कड्याच नव्हत्या. परत नेली, बेल्टने बसणारी घेतली. म्हणून सांगते, सीट विकत घ्यायच्या आधी गाडी दुकानाच्या दारात न्या आणि तिथेच लावून बघा.

कारमध्ये येत नाहीत अशा अडचणी पिकअपमध्ये येतात. मागच्या बाकाची पाठ जवळजवळ उभी असते आणि बैठक आखूड. त्यामुळे सीटचा पुढचा भाग हवेत राहतो आणि झोपलेल्या पोराची मान पुढे पडते. ज्या सीटला मागे कलण्याची सोय असते तीच घ्या. पाठीमागे डिकी नाही, थेट केबिनचा पत्रा आणि काच, त्यामुळे वरचा पट्टा, ज्याला टॉप टेदर म्हणतात, तो अडकवायची जागा पटकन दिसत नाही. काही गाड्यांत बाकाची पाठ खाली पाडली की मागे कडी सापडते, काहींत हेडरेस्टच्या मागे कापडी फासा असतो. गाडीचं पुस्तक उघडून बघा. मिळाली तर तो पट्टा लावाच, धडकेत पोराचं डोकं पुढे जाण्याचं अंतर त्याने बरंच कमी होतं. हौद्यातल्या दोरी बांधायच्या कडीला तो बांधू नका, आमच्या दिरांनी तोही प्रयोग केला होता. ज्या सीटला पुढून जमिनीवर टेकणारा पाय असतो, त्याच्या खाली हत्यारं ठेवायचा पोकळ कप्पा येत असेल तर ती सीट तिथे चालत नाही.

आमच्या बाकाच्या मध्यभागी फक्त कमरेचा बेल्ट आहे, खिडक्यांशी तीन टोकांचे, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्ही धरणारे. आमची सीट तीन टोकांच्या बेल्टची होती, म्हणून ती खिडकीशी, डाव्या बाजूला लावली. रस्त्याच्या कडेला उतरवताना तीच बाजू बरी. बेल्ट लावताना गुडघा सीटमध्ये रोवून सगळं वजन टाकायचं आणि दुसऱ्या हाताने बेल्ट ओढायचा. मग बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवायची. अंगठ्याच्या रुंदीपेक्षा जास्त हलली तर पुन्हा सगळं सोडायचं. आपल्या गाड्यांचे बेल्ट झटका बसल्यावरच अडकतात, एरवी सैल सुटत राहतात. म्हणून सीटवर बेल्ट दाबून धरणारी चाप असते, ती लावायला लोक विसरतात.

आणि केबिन रिकामी करा. शेतकऱ्याच्या पिकअपमध्ये मागच्या सीटवर काय नसतं? आमच्याकडे पाने, स्टार्टरचा डबा, छाटणीच्या कात्र्या, अर्धी संपलेली फवारणीची औषधं. धडकेत दोन किलोचा पाना गोळ्यासारखा येतो, आणि औषधाचं झाकण उघडलं तर बंद केबिनमध्ये पोर त्याच वासात. ह्यांनी हौद्यात एक पत्र्याची पेटी पक्की करून घेतली, सगळं त्यात गेलं. या एका बाबतीत घरात वाद झाला नाही.

बाकी सगळ्यावर झाला. पहिले चार दिवस लेक सीटमध्ये ओरडायची. मामा बघायचे आणि म्हणायचे, "लेकराला असं बांधून घालत्यात व्हय?" मी तिला उचलली नाही. पाचव्या दिवशी रडणं थांबलं, दोन आठवड्यांनी ती स्वतःच चढून बसायला लागली. दीर अजून म्हणतात, आम्ही हौद्यात उभं राहून जत्रेला जायचो, काय झालं? ज्यांच्या घरात झालं ती माणसं पारावर बसून सांगत नाहीत, भाऊजी.

4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी, मिस्त्री त्यातलेच, बेल्ट लावला नव्हता आणि दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले. मामा दिवसभर टीव्हीसमोर होते. एवढी भारी गाडी, म्हणाले. त्यानंतर ते मागे बसले की बेल्ट लावतात. आत्या अजून लावत नाहीत. आजही त्यांचं म्हणणं, गाडी हळू असती तर काही झालं नसतं.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. तासगाव-सांगली रस्त्यावर त्यासाठी मला अजून कुणी अडवलेलं नाही. अडवायला हवं.

काही गोष्टी राहिल्या. तुमचा मुलगा दोन वर्षांचा आहे, म्हणजे सीटची वजनाची मर्यादा परवानगी देत असेल तर त्याला अजूनही मागे तोंड करून बसवणं चांगलं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कच्ची असते. पिकअपमध्ये अडचण एवढीच की त्यासाठी पुढची सीट बरीच पुढे घ्यावी लागते, आणि चालवणारा उंच असेल तर त्याच्या मागे ते जमत नाही, शेजारच्या सीटमागे लावा. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली सीट कधीच लावायची नाही. सीटवर एआयएस 072, आर 44 किंवा आर 129 या सुरक्षेच्या मानकांपैकी एखाद्याचा शिक्का बघून घ्या. ज्या सीटने अपघात बघितलाय ती जुन्या बाजारातून आणू नका, वरून धड दिसते पण आतून तडकलेली असू शकते. काही जुन्या गाड्यांत मागे आडवे, एकमेकांकडे तोंड केलेले बाक असतात, त्यावर चाइल्ड सीट लावताच येत नाही. तुमच्या बाकाला सगळीकडे कमरेचाच बेल्ट असेल तर त्यावर बसणाऱ्या मोजक्या सीट मिळतात, दुकानात तसं स्पष्ट विचारा. नुसता उंचवटा देणारा बूस्टर मात्र कमरेच्या बेल्टवर अजिबात नाही. माझी लेक आता दहाची आहे, उंची 134 सेंटिमीटर, आणि अजून बूस्टरवरच बसते. साधारण 145 होईपर्यंत बसेल. वर्गातल्या मुली हसतात, हसू देत.

आणि एक, थंडीतलं. पहाटे बागेवर निघताना पोराला जाड स्वेटर घालून पट्टे लावले की पट्टे घट्ट वाटतात, पण सगळा सैलपणा स्वेटरच्या आत असतो. स्वेटर काढा, पट्टे लावा, खांद्याशी पट्टा चिमटीत धरता येत नाही ना ते बघा, मग वरून गोधडी पांघरा.