इंजिन बंद पडलं तरी पायलट इतके शांत कसे राहतात? त्यांना भीती वाटत नाही का?

मी पायलट नाही, पण माझा मावसभाऊ आहे. मूळचा परभणीचा. दिवाळीला घरी आला की आम्ही सगळे त्याला तुमचाच प्रश्न विचारून पिडतो. त्याचं उत्तर ठरलेलं: "भेव वाटतंच की. पण त्या वेळी भ्यायला सवड कोणाला असते?"

हा स्वभावाचा भाग आहे असं म्हणाल, तर हाच माणूस घरी मोबाइलचा चार्जर सापडला नाही की सगळं घर डोक्यावर घेतो.

कॉकपिटमधल्या दोन पायलटांत कामाची वाटणीच तशी असते. एकजण फक्त विमान उडवतो, दुसरा चेकलिस्ट वाचतो आणि रेडिओ सांभाळतो. आधी विमान उडवायचं, मग कुठं जायचं ते ठरवायचं, बोलणं सगळ्यात शेवटी. त्यामुळे स्पीकरवर पायलटचा आवाज येतो तोवर बऱ्याचदा सगळ्यात अवघड काम उरकलेलं असतं.

साधारण दर सहा महिन्यांनी त्यांची सिम्युलेटरमध्ये, म्हणजे हुबेहूब नकली कॉकपिटमध्ये, परीक्षा होते. त्यातला ठरलेला प्रसंग म्हणजे टेकऑफला ऐन वेगात असताना एक इंजिन जातं. आता थांबायला धावपट्टी उरलेली नाही, उडावंच लागतं. घंटा वाजते, लाल दिवा लागतो. आपल्याला वाटेल आता धडाधड बटणं दाबायची. तर नाही! रडर (शेपटीवरचं सुकाणू) पायाने दाबून विमान सरळ ठेवायचं, वर न्यायचं आणि साधारण ४०० फुटांपर्यंत बिघडलेल्या इंजिनाला हातही लावायचा नाही. नंतरसुद्धा इंजिन बंद करायच्या लिव्हरवर हात ठेवून एकजण विचारतो, "एक नंबर?" दुसरा बघून "बरोबर" म्हणतो, मगच ती ओढायची.

हे सगळं उगीच नाही. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक बोइंग ७३७ पडलं. बिघाड डाव्या इंजिनात होता आणि बंद केलं गेलं उजवं, चांगलं चालणारं. ४७ माणसं गेली. घाबरून हातपाय गाळणाऱ्यापेक्षा घाई करणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते, ती यामुळेच.

मी स्वतः अनुभवलंय ते एवढंच: पावसाळ्यात मुंबईहून येताना छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर चाकं टेकणार तेवढ्यात इंजिनांचा आवाज वाढला आणि विमान पुन्हा वर. शेजारच्या काकू, "काहून वर चाललंय ओ हे?" मागच्या सीटवरच्या गृहस्थांना नेमका तेव्हाच १९९३ चा अपघात आठवला. इथूनच उडालेलं विमान कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ५५ माणसं गेली, वगैरे. (अशी माणसं प्रत्येक विमानात एक तरी असतात.) काही मिनिटांनी पायलट बोलला: वारा फिरलाय, पुन्हा प्रयत्न करतो, नाही जमलं तर मुंबईला परत. तशी ही आणीबाणी नव्हतीच, त्यांच्यासाठी नेहमीचं काम. आम्हाला घाम फुटला तो मधल्या शांततेमुळे. आणि त्याच वेळात ते चाकं आत घेणं, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आवरणं, टॉवरशी बोलणं असं सगळं उरकत होते.

शांत राहायचं म्हणजे प्रवाशांपासून लपवायचं, असंही नाही. २४ जून १९८२ ला इंडोनेशियावर ब्रिटिश एअरवेजचं ७४७ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी, एसटी पंक्चर झाल्याचं कंडक्टर ज्या सुरात सांगतो त्या सुरात सांगून टाकलं: एक छोटी अडचण आहे, चारही इंजिनं थांबलीत, चालू करायची आमची खटपट चालू आहे. विमान राखेखाली उतरल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली. राखेने घासून समोरच्या काचेतून जवळपास काही दिसत नव्हतं, तरी जकार्ताला उतरवलं. २६३ पैकी कोणालाही इजा झाली नाही.